ताईचा थ

१८ जाने., रवि.

पडेगावला चुलतभावाची हळद. रिक्षातून उतरायच्या आधीच गाणं कानावर. "थ-थ-थांब की जरा, म-म-मला बोलू दे." बाया, पोरं, म्हातारे, झाडून सगळे नाचत होते. आणि प्रत्येक "थ" ला हनुवटी पुढं काढून झटका. त्याला आता "दत्ता स्टेप" म्हणतात. नवरदेवाची मावशी हळदीच्या हातानं स्टेप करत होती. डीजेवाल्याला लोक दुसरं काही लावूच देईनात.

गाणं माझं. शब्द माझे, चाल माझी. हे ठाऊक असलेली मांडवात दोनच माणसं, मी आणि ताई. बाकी जगासाठी ते वैजापूरच्या दत्ता-किसनाचं. (यापुढं द-कि. पूर्ण नावं लिहायची म्हटलं की हात जड होतो.)

पंगतीत ताईनं वाढप्याकडं पाणी मागितलं. "प-प-प..." तेवढ्यात शेजारचं एक कार्टं किंचाळलं, "थ-थ-थांब की, आत्याला बोलू दे!" पंगत हसली. काकूसुद्धा पदर तोंडाला लावून. ताईपण हसली, पोराला वाईट वाटू नये म्हणून. मी जिलबी खात होतो. खातच राहिलो.

ताईनं पाणी घेतलंच नाही.

२० जाने.

आज दुकानात काम कमी. कुणाचा वाढदिवस नाही, कुणाची निवड नाही, फ्लेक्स छापायचा कुणाचा? म्हणून बसल्या बसल्या तेच डोक्यात. एकदा लिहून टाकतो, म्हणजे छळणार नाही. (छळणारच.)

ताई लहानपणापासून अडखळते. अडखळली की समोरचा घाईघाईनं तिचा शब्द पुरा करतो, बहुतेक वेळा चुकीचाच. मग ती म्हणते, "थांब की, बोलू दे." तिचं हे वाक्य घेऊन मी गेल्या पावसाळ्यात गाणं केलं. संथ होतं. साधं होतं. फोनवर रेकॉर्ड केलं ते ताईच्याच आवाजात. गाताना ती अडखळत नाही. बोलताना "पाणी" म्हणायला जिचा जीव जातो, ती गाताना सरळ, धुतल्यासारखी. कसं काय ते डॉक्टरलाच विचारावं.

ते रेकॉर्डिंग घेऊन मी गारखेड्याच्या स्टुडिओत गेलो. द-कि बसलेले. दत्ता गातो, किसना कीबोर्ड. ऐकून दत्ता म्हणाला, "दादा, गाणं लई भारी, पण झोप येती. हुक पायजे, लोकांच्या तोंडात अडकंल असं कायतरी."

आणि मी ताईची नक्कल केली.

कुणी सांगितलं नव्हतं. कुणी मागितलं नव्हतं. उभा राहिलो आणि केली. तो "थ", मध्येच घेतलेला आखूड श्वास, हनुवटीचा झटका, सगळं हुबेहूब. किसना खुर्चीवरून पडायचा राहिला. "परत करा, परत करा!" मी परत केली. मोबाइलवर घेऊ दिली. मला हसणारी माणसं मिळाली होती ना. माझ्या कवितेवर कधी कुणी एवढं खूश झालं नव्हतं.

वर म्हणालो, "घ्या, तुमचंच. माझं नाव नका टाकू." कारण काय, तर मी कवी. शहरातल्या चार कवींत माझी ऊठबस. डीजेचं गाणं माझं म्हटल्यावर ते काय म्हणतील! तेव्हा गाण्याची लाज वाटत होती. आता गाणं सोडून बाकी सगळ्याची वाटते.

२४ जाने., शनि.

जब्बारभाई (दुकान त्यांचं, मी डिझायनर) फ्लेक्सच्या कडेला दोरीसाठी रिंगा मारता मारता गुणगुणत होते. "थ-थ-थांब की... क्या गाना बनाए यारो. जो भी लिखा ना नंदू, एकदम हौला हुइंगा."

म्हटलं, "हौ, येडाच असंल."

द-किंची ऑर्डर आलीय. पुढच्या महिन्यात बावीस तारखेला बीड बायपासच्या मैदानावर कार्यक्रम. कमानी, स्टेजमागचा मोठा फ्लेक्स, सगळं आपल्याकडंच. दत्ता मुद्दाम म्हणाला म्हणे, "नंदूदादांच्याच दुकानात टाका." चांगुलपणाच सगळा.

२९ जाने.

ताईच्या ट्यूशनमध्ये नवीन तमाशा. ती पोरांना सगळं चालीवर शिकवते. पाढे चालीवर, कविता चालीवर, नद्यांची नावंसुद्धा. लोकांना वाटतं काय हौशी बाई आहे. हौस कसली, गायल्याशिवाय तिला वाक्य सरळ जात नाही. वर्षानुवर्षं पोरांना पत्ता लागला नव्हता की बाई अडखळतात.

आता तिनं सूर धरला की पोरं थ-थ-थ सुरू करतात. वाईट मनानं नाही, गाणं सुचतं तेच त्यांना. सूर आला की थ आलाच. आज ती पाढे लिहून देत होती. वहीत. गप्प बसून.

आई म्हणाली, "गाऊन का नाय घेत आज?"

"घ-घसा धरलाय."

मी आतल्या खोलीत होतो. ऐकलं, आणि पंखा मोठा केला.

२ फेब्रु.

ताई चिडलीय. माझ्यावर नाही, द-किंवर. पोळ्या लाटता लाटता एकेक शब्द तोडून काढत होती. तिला वाटतं, माझं सरळ गाणं या दोघांनी नासवलं, खपावं म्हणून तोतरं केलं. म्हणाली, "त-तुला फसवलं त्यांनी. तू स-साधा आहेस."

मी साधा!

"जाऊ दे ताई, गाणं चाललं ना."

"कुणाच्या न-नावावर चाललं? त्यांना एकदा त-तोंडावर विचारणार आहे मी. माझं जाऊ दे. त-तुझं नाव कुठंय?"

तिची भांडणाची तयारी सुरू आहे. काय बोलायचं ते पोळपाटासमोर घोकतेय. आयुष्यात स्वतःसाठी रिक्षावाल्याशी कधी भांडली नाही. माझ्यासाठी भांडणार आहे.

जेवलो नाही. म्हटलं ॲसिडिटी.

६ फेब्रु., शुक्र.

ताईचा डेमो. इंग्रजी शाळा, मराठी विषयाला बाई हवी होती. बी.एड. होऊन इतकी वर्षं झाली, पहिल्यांदा कुणी मुलाखतीच्या पुढं डेमोपर्यंत बोलावलं. बोलून दाखवायच्या आधीच लोक नको म्हणतात. हिनं अर्जात लिहिलं होतं, मी कविता गाऊन शिकवते. मुख्याध्यापिकाबाईंना तेच आवडलं.

स्कूटीवर सोडलं. निळी साडी, गजरा. मी गेटबाहेर लिंबाखाली.

लवकर बाहेर आली. फारच लवकर.

"झाला?"

"झाला."

रस्त्यात पेरूच्या गाडीपाशी थांबायला सांगितलं. तिखट-मीठ लावून पेरू खाता खाता सांगितलं. पाचवीचा वर्ग. कवितेची पहिली ओळ गायली, बरी गायली. मागच्या बाकावरून थ-थ आलं. मग आख्खा वर्ग. हनुवट्यांसकट. मुख्याध्यापिकाबाई मागं बसल्या होत्या, त्यांना पण हसू आवरेना. ताईनं खडू ठेवला, नमस्कार केला आणि आली.

मग म्हणाली, "ग-गाण्यात मी अडकत नव्हते रे. ते एकच ठिकाण होतं. त्या द-दत्त्यानं अडकणं तिथंपण नेऊन ठेवलं."

सांगायला पाहिजे होतं. त्याच क्षणी. पेरूवाला होता समोर, तो तर ओळखीचाही नव्हता. मी म्हणालो, "अजून एक घेऊ का, हा गोड निघाला."

थू तुझ्या जिनगानीवर, नंदू.

१० फेब्रु.

दत्ताला फोन केला. चोरासारखा दुकानाच्या मागं, जनरेटरपाशी उभा राहून.

"दादा! मीच करणार होतो तुम्हाला. या बारीला स्टेजवर तुमचं नाव घेणार. किसना म्हणला, किती दिवस दुसऱ्याच्या जिवावर मिरवायचं? फ्लेक्सवर पण टाका, गीतकार म्हणून, मोठं."

"नाव नको. एक काम होतं. ते... अडखळणं मी करून दाखवलं, हे कुणाला सांगू नको."

"का वो? ते तर तुमचंच कसब. मला जमंपर्यंत घाम निघाला. तो मधला श्वास तर, दादा, आजून नाय जमत तुमच्यासारखा."

"नको सांगू म्हणतो ना!"

मग आवाज उतरला त्याचा. "दादा, ते खऱ्या माणसाचं व्हतं काय?"

मी फोन कट केला. म्हणजे झालंच की उत्तर.

१३ फेब्रु.

द-किंनी मजकूर पाठवला. खरंच पाठवला. "गीत-संगीत : नंदकिशोर शेजूळ", आणि खाली सूचना, अक्षर मोठं ठेवणे. माझ्याच हातानं माझंच नाव टाइप केलं. मग खोडलं. परत केलं. लोकांची नावं दिवसभर मोठी करतो मी, कधी बोट अडखळलं नाही.

जब्बारभाई मागं उभे. "ये क्या? तुम? नंदू तुम लिखे वो?" आणि काय सांगू, माणूस हर्षानं वेडा झाला. पोऱ्याला पिटाळून इमरती मागवली. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला, समोरच्या चष्मेवाल्याला बोलावून बोलावून तोंड गोड केलं. "मेरी दुकान का लडका है!"

मग इमरतीचा तुकडा तोडता तोडता सहज म्हणाले, "और वो हकलाना किधर से उठाए...?"

आणि थांबले. ताई डबा घेऊन येते ना दुकानात अधनंमधनं. त्यांना "स-सलाम भाई" म्हणते.

खोक्याचं झाकण लावलं आणि कटिंगच्या टेबलाकडं गेले. संध्याकाळपर्यंत माझ्याशी कामापुरतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१७ फेब्रु., मंगळ.

नीट लिहायला पाहिजे हे. जमेल तसं.

दुपारी द-कि फ्लेक्स बघायला आले. साधीच पोरं आहेत दोघं. दत्ताच्या गळ्यात सोन्याची दिसणारी साखळी, पायात मात्र तीच जुनी चप्पल. मोठा फ्लेक्स जमिनीवर अंथरला होता, चपला काढून त्याच्या कडेकडेनं फिरत होते. माझ्या नावाशी दत्ता उकिडवा बसला. "आता बरं दिसतंय."

दारात ताई. डबा नव्हता हातात. मीच सकाळी आईला बोलून गेलो होतो की द-कि येणारेत. अक्कल गहाण टाकली होती.

ती सरळ दत्तासमोर आली. घोकलेलं होतंच. "त-त-त..."

"तुम्ही" म्हणायचं होतं. "तुम्ही माझ्या भावाचं गाणं" असं पुढं होतं सगळं, मला पोळपाटापासून पाठ होतं. पण राग आला की तिचं जास्त अडतं. "त-त-त", आखूड श्वास, हनुवटीला झटका. परत "त".

दत्ता उठून उभा राहिला. त्याचं तोंड उतरत गेलं ते मी बघितलं. सगळा सीझन हा माणूस गावोगाव तेच करत फिरला होता. तोच श्वास, तीच हनुवटी. ज्याच्यासाठी घाम गाळला ते समोर उभं, निळ्या साडीत.

त्यानं मला विचारलं नाही. फक्त माझ्याकडं बघितलं.

आणि ताईनं त्याला माझ्याकडं बघताना बघितलं.

तिचा शब्द तसाच राहिला. कुणी पुरा केला नाही. ती वळली आणि पायऱ्या उतरून गेली. किसना फ्लेक्सवरच बसला होता, अक्षरांवर, त्याला उठायचं सुचेना. दत्ता माझ्यासमोर हात जोडून म्हणाला, "दादा, तुम्ही बहिणीचं दिलं व्हय आम्हाला?"

१८ फेब्रु.

ताई बोलत नाही. आईशी बोलते, पोरांशी बोलते, दूधवाल्याशी बोलते. मी खोलीत आलो की गप्प. आई म्हणते, "काय झालं रे दोघांना?" काय सांगू आईला.

संध्याकाळी ती कपडे काढायला गच्चीवर गेली, मी मागं गेलो.

"चुकलं ताई."

चिमटे काढत राहिली. मग पाठमोरीच बोलली. सावकाश, एकेक शब्द.

"क-कशासाठी केलंस?"

"त्यांना हुक पाहिजे होता."

"म्हणून?"

"...हसवायला."

"हसले?"

"हो."

"ख-खूप?"

"खूप."

"मग चांगलं ज-जमलं असंल."

थोड्या वेळानं, उशीचा अभ्रा घडी करता करता: "ती हनुवटी. म-माझी होते तशी?"

मी मान हलवली. तिला दिसलं नसेल म्हणून "हो" म्हणालो.

"मला क-कधी कुणी सांगितलं नाही."

तिनं कुठं बघितलंय स्वतःला बोलताना. लोकांच्या हळदीत तीपण टाळ्या वाजवत होती त्या स्टेपला. मला गच्चीवरून खाली जावंसं वाटेना आणि तिथं थांबवेना.

१९ फेब्रु.

काही नाही. दुकानाला सुट्टी. चौकाचौकात मिरवणुका, आणि मिरवणुकीत मधूनच ते गाणं. खिडक्या लावून बसलो. ताईनं येऊन उघडल्या. "उ-उकडतंय."

मला बोललेला आजचा एकमेव शब्द. तो तरी बोलली.

२० फेब्रु., शुक्र.

दत्ता घरी आला, मुकुंदवाडीला, विचारत विचारत. एकटा. सोबत वैजापूरहून कांद्याची पिशवी, आईच्या पुढ्यात ठेवली. खुर्ची दिली तरी खाली बसला.

आई खूश. "अगंबाई, तू तो थ-थ-थवाला व्हय रे!" आईनं स्टेप करून दाखवली. आईनं! तिला काही माहीत नाही. दत्ता रडायच्या बेतात.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. दत्ता तिच्याकडं न बघता बोलला. "ताई, आम्हाला ठाव नव्हतं. देवाशप्पथ. रविवारी तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणला तर गाणंच घेत नाय. सरळ गा म्हणला तर सरळ गातो, दादांनी आधी आणलं व्हतं तसं. आयोजक बोंबलंल, बोंबलू दे. पब्लिक बाटल्या मारंल, मारू दे. आणि तसंच गा म्हणला..."

"क-कोण म्हणणारे तसंच?"

"नाय. मी आपलं सांगितलं."

ताईनं त्याला चहा दिला. साखर किती विचारलं. तो निघाला. दारापाशी म्हणाली, "र-रविवारी सांगते."

तो गेल्यावर आई मला म्हणाली, "हा काय बोलला रे? काय ठाव नव्हतं?"

ताईच मध्ये पडली. "ग-गाण्याचं, आई. म-मराठी नीट येत नाही त्याला."

मला वाचवलं. अजूनही.

२१ फेब्रु.

सकाळी ताई माझ्या कॉटपाशी येऊन उभी. हातात चहा, माझ्यासाठी आणलेला. या सगळ्यात चहा चुकला नाही तिचा.

"एक काम कर. त्या स-स्टुडिओत जसं केलंस, तसं माझ्यासमोर कर."

"काय?"

"म-माझी नक्कल. बघायची आहे मला, मी कशी द-दिसते. मग मी ठरवते उद्याचं."

"ताई, काय बोलतेस."

"का? त-तुझ्याइतकं नीट मला कुणी बघितलंय?"

रागानं नाही म्हणाली. तेच वाईट. एखाद्याकडं आपला एकुलता एक फोटो असावा आणि दाखव म्हणावं, तशी म्हणाली. मी चहा घेतला आणि आंघोळीला पळालो. दुकानात गेलो, कमान लावायला बायपासला गेलो, उशिरा आलो. ती विचारायला आली नाही. वाट बघत होती, एवढंच.

२२ फेब्रु., रवि.

दुपार. आई कीर्तनाला गेलीय. कार्यक्रम संध्याकाळी. दत्ताचे फोन येताहेत, उचलत नाही. काय सांगू? सांगायचं ताईनं आहे, आणि ताई माझ्यावर अडलीय.

मघाशी आत आली. दार ओढून घेतलं. खुर्चीवर बसली, हात मांडीवर, ट्यूशनच्या पोरांचं ऐकायला बसते तशी.

"क-कर."

मी उभा राहिलो. गारखेड्याला उभा राहिलो होतो तितक्याच अंतरावर. तोंड उघडलं. समोर तिचे डोळे. काहीच येईना. जीभ कुठं लावायची, श्वास कुठं घ्यायचा, सगळं पाठ आहे मला, झोपेतून उठवलं तरी येईल. आवाज निघेना.

ती थांबली होती. कितीही वेळ थांबायची तयारी होती तिची. मध्ये काही बोलली नाही, घाई केली नाही, माझ्या वतीनं पुरं केलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "नाही जमत ताई."

"प-परक्यांसमोर जमलं की रे."

फोन परत वाजतोय. दत्ताच असणार. ती अजून खुर्चीवरच बसलीय, मी तिच्याकडं पाठ करून हे लिहितोय.